सगळ्यात भारी क्वार्टरबॅक कोण, आणि वॉरन मून कॅनडात का गेला

आजचा भाग एका भांडणाबद्दल आहे. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक कोण? अमेरिकेत हे भांडण बारमध्ये होतं, टीव्हीवर होतं, घरच्या जेवणाच्या टेबलावर होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, माझी अर्धी टीम तिकडे बसते, आणि फेब्रुवारीत सुपर बोल झाला की त्या आठवड्यातल्या कॉलची पहिली दहा मिनिटं यातच जातात. आपल्याकडे ती मॅच सोमवारी पहाटे पाचला सुरू होते. गेली काही वर्षं मी गजर लावून उठतो आणि बघतो. पण खरं सांगू का, मॅचपेक्षा या वादाने मला जास्त पकडून ठेवलंय. एकेक आकडा कुठून आला हे बघत मागे गेलं, की आपण थेट १९३०च्या दशकात जाऊन पोचतो. आणि तिथे काही माणसं गायब दिसतात.

ज्यांनी हा खेळ कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण. जवळपास प्रत्येक प्रयत्नाला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्या अंगावर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येत असतात आणि त्याच्याकडे साधारण तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरची मांडणी वाचायची, आपला कोण मोकळा आहे ते शोधायचं, आणि तो आत्ता जिथे आहे तिथे नाही, तर एका सेकंदाने जिथे असेल तिथे चेंडू फेकायचा. समोरच्याने तो मधेच पकडला तर इंटरसेप्शन. म्हणून ही ‘डोक्याची जागा’ मानली जाते. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता सोपं उत्तर. टॉम ब्रेडी. २३ सीझन, दहा सुपर बोल खेळला, सात जिंकला. सहा न्यू इंग्लंडकडून, एक टॅम्पा बेकडून. म्हणजे एकट्याच्या सात ट्रॉफ्या, आणि एनएफएलमधल्या कुठल्याही संघाकडे सहापेक्षा जास्त नव्हत्या जेव्हा त्याने सातवी उचलली. ८९,२१४ यार्ड, ६४९ टचडाउन पास, दोन्ही विक्रम. २०००च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, तो १९९वा निवडला गेला होता. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक घेतले होते लोकांनी! २०१७च्या सुपर बोलमध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ने मागे होते, ओव्हरटाइममध्ये ३४-२८ने जिंकले. तो भाग यूट्यूबवर बघा, मी इथे वर्णन करून वाया घालवत नाही.

पण समोरचा लगेच म्हणतो, मोंटाना. जो मोंटाना, सॅन फ्रान्सिस्को. चार सुपर बोल, चारही जिंकले. त्या चार मॅचमध्ये ११ टचडाउन पास आणि इंटरसेप्शन शून्य. ब्रेडी तीन हरला, मोंटाना एकही नाही. यावर ब्रेडीवाले म्हणतात की फायनलला पोचून हरणं हे आधीच बाहेर पडण्यापेक्षा वाईट कसं? मग कोणीतरी पेटन मॅनिंगचे पाच एमव्हीपी पुरस्कार काढतं, कोणी डॅन मरिनोचं १९८४ साल काढतं. ५,०८४ यार्ड, ४८ टचडाउन, तेव्हा लोकांना हे आकडे छापखान्याची चूक वाटावी इतके मोठे होते. आणि मरिनो आयुष्यात एकही सुपर बोल जिंकला नाही. त्या सीझनच्या फायनलला पोचला आणि मोंटानाकडून १६-३८ने हरला.

इथपर्यंत वाद रंगतदार असतो. मग कोणीतरी ‘पासर रेटिंग’ दाखवतं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

हे रेटिंग म्हणजे एक सूत्र आहे, १९७३ पासून एनएफएल वापरते. चार गोष्टी घेतात: किती टक्के पास पूर्ण झाले, प्रत्येक पासमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के पासवर टचडाउन, किती टक्क्यांवर इंटरसेप्शन. प्रत्येकाला काही स्थिरांकांनी गुणून बेरीज करतात. जास्तीत जास्त १५८.३ येऊ शकतं. का १५८.३? सूत्र तसंच आहे म्हणून, दुसरं कारण नाही. पण मजा आत आहे. सूत्र उलटं सोडवून बघा. ५० टक्के पास पूर्ण, प्रत्येकी ७ यार्ड, ५ टक्के टचडाउन, साडेपाच टक्के इंटरसेप्शन, असं असेल तर चारही घटक बरोबर १ येतात आणि रेटिंग ६६.७ येतं. म्हणजे सूत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘सर्वसाधारण’ क्वार्टरबॅक हा होता. दर १८ पासमागे एक पास समोरच्याच्या हातात देणारा! आज कोणी असं खेळलं तर दुसऱ्या महिन्यात बाकावर बसेल. आज अख्ख्या लीगची सरासरी ९०च्या आसपास असते. कुणीतरी १९७३ साली कोडमध्ये आकडे हार्डकोड केले आणि पन्नास वर्षं ते कोणी बदललेच नाहीत. जॉनी युनायटसचं करिअर रेटिंग ७८.२, ब्रेडीचं ९७.२. एवढ्यावरून ब्रेडी वरचढ म्हणणं म्हणजे १९७५च्या पगाराची आजच्या पगाराशी तुलना करून आजोबांना गरीब ठरवण्यासारखं आहे.

फरक पडला कुठे? मुख्यतः १९७८ साली. त्या वर्षी लीगने दोन नियम बदलले. एक, पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला पहिल्या पाच यार्डांनंतर बचाव करणाऱ्याने धक्के मारायचे नाहीत. त्याआधी पास हवेत जाईपर्यंत मैदानभर मारामारी चालायची. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसीव्हरला इतका बडवायचा की लोक आजही याला ब्लाउंटचा नियम म्हणतात. दोन, क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनला हात पसरून, पंजे उघडे ठेवून समोरच्याला अडवायची मुभा मिळाली. त्याच वर्षी सीझन १४ मॅचचा होता तो १६चा झाला. २०२१ला १७. मधल्या काळात क्वार्टरबॅकला कुठे आणि कसं पाडायचं यावरही बंधनं येत गेली. २००८ला ब्रेडीचा गुडघा पहिल्याच मॅचमध्ये गेला, पुढच्या वर्षी जमिनीवर पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेण्याबद्दलचा नियम कडक झाला. त्याला लोक ब्रेडीचा नियम म्हणतात. यात ब्रेडीचा दोष काही नाही. पण ४५ वर्षांचा होईपर्यंत तो खेळू शकला याला हेही एक कारण आहे.

आता युनायटसकडे येऊ, कारण माझ्या मते या वादात तरुण पोरं त्याला फारच लवकर ओलांडून जातात. १९५५ला पिट्सबर्गने त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच काढून टाकलं. मग हा गडी बांधकामावर काम करायचा आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या स्थानिक संघाकडून खेळायचा. मानधन, एका मॅचचे सहा डॉलर. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला उचललं. दोन वर्षांनी, २८ डिसेंबर १९५८ला, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर फायनल. कोल्ट्स १४-१७ने मागे, दोनेक मिनिटं शिल्लक. युनायटसने रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास दिले, संघ गोलपर्यंत आणला, सात सेकंद उरले असताना किक मारून १७-१७. मग एनएफएलच्या फायनलमधला पहिला ओव्हरटाइम, आणि ॲलन अमीचीने एका यार्डावरून घुसून २३-१७. टीव्हीवर हा खेळ चालू शकतो हे देशाला त्या संध्याकाळी कळलं, असं सगळे इतिहासकार म्हणतात.

मला त्या ड्राइव्हमधली एकच गोष्ट भारी वाटते. पुढचा डाव कोणता टाकायचा हे युनायटस स्वतः ठरवत होता. आज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, बहुतेक डाव कोच सांगतो, तो बदलायचा अधिकार असतो एवढंच. युनायटस मैदानावर उभा राहून, थंडीत, डोक्यात घड्याळ चालवत, सगळं स्वतः करत होता. त्याने लागोपाठ ४७ मॅचमध्ये किमान एक टचडाउन पास दिला. हा विक्रम १९६०ला थांबला आणि २०१२पर्यंत टिकला. म्हणजे १९७८चे सगळे सोयीचे नियम आल्यानंतरही ३४ वर्षं कोणाला मोडता आला नाही. शेवटी ड्रू ब्रीजने मोडला.

त्याच्याही मागे जाऊ. ऑटो ग्रॅहम, क्लीव्हलंड ब्राउन्स, १९४६ ते १९५५. दहा सीझन खेळला, दहाही वर्षं फायनलला, सात वेळा विजेता. पहिले चार किताब दुसऱ्या, नव्या लीगमधले होते, म्हणून लोक नाक मुरडतात. पण १९५०ला ब्राउन्स एनएफएलमध्ये आले आणि पहिल्याच वर्षी जिंकले. त्याच्याआधी सिड लकमन, ज्याच्या शिकागो बेअर्सने १९४०च्या फायनलमध्ये वॉशिंग्टनला ७३-० असं धुतलं. आणि त्या हरलेल्या वॉशिंग्टनचा सॅमी बॉ. बॉचं १९४३ साल ऐका: पासिंगमध्ये लीगमध्ये पहिला, पंटिंगमध्ये, म्हणजे लांब किक मारण्यात, पहिला, आणि बचावाला उभा राहून समोरच्याचे पास पकडण्यातही पहिला. त्या काळात एकच माणूस दोन्हीकडे खेळायचा. आजच्या भाषेत फ्रंटएंड, बॅकएंड आणि टेस्टिंग एकाच माणसाकडे.

इथे मात्र मला थांबावं लागतं. बॉ १९३७ला लीगमध्ये आला, लकमन १९३९ला. आणि १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. एकही नाही. आधी होते. १९२०च्या दशकात फ्रिट्झ पोलार्ड खेळला, एवढंच नाही तर ॲक्रनच्या संघाचा कोचही होता. मग १९३३ नंतर दार बंद झालं. लेखी नियम कुठेच नव्हता, मालकांनी आपसात समजून घेतलं. बॉच्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर १९६२पर्यंत अडून बसला. सरकारी जमिनीवर बांधलेलं स्टेडियम वापरू देणार नाही असं केनेडी सरकारने बजावलं, तेव्हा कुठे त्याने कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. बॉ महान होता याबद्दल मला शंका नाही. पण ‘लीगमध्ये पहिला’ म्हणताना ती लीग कोणाची होती हे सांगायला नको का?

१९४६ला दार किलकिलं झालं. लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोडला घेतलं, त्याच वर्षी ग्रॅहमच्या ब्राउन्सनी मॅरियन मोटली आणि बिल विलिसला घेतलं. बेसबॉलमधल्या जॅकी रॉबिन्सनच्या एक वर्ष आधी. ग्रॅहमला पास द्यायला जो वेळ मिळायचा, त्यात मोटली समोरच्याला अडवायचा याचा मोठा वाटा होता. युनायटसच्या संघात लेनी मूर होता, जिम पार्कर होता. म्हणजे पळायला चालतील, अडवायला चालतील. चेंडू हातात घेऊन ठरवायला नाही. डोक्याची जागा, आठवतंय ना? समाजशास्त्रज्ञांनी पुढे याला ‘स्टॅकिंग’ असं नाव दिलं: ठरावीक जागांवर ठरावीक रंगाची माणसं रचून ठेवायची. कॉलेजात क्वार्टरबॅक खेळलेल्या कृष्णवर्णीय मुलाला एनएफएलमध्ये यायचं तर तू रिसीव्हर हो, बचावाला जा, असं सांगायचे. टोनी डंगी, पुढे ज्याने पेटन मॅनिंगचा कोच म्हणून सुपर बोल जिंकला, तोही मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता. एनएफएलमध्ये तो बचावात खेळला.

१९५३ला विली थ्रोअर शिकागोकडून एका मॅचमध्ये उतरला. आठ पास, तीन पूर्ण, २७ यार्ड. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून त्याला मिळालेली संधी एवढीच. १९६८ला मार्लिन ब्रिस्को. डेन्व्हरने त्याला चौदाव्या फेरीत घेतलं, बचावासाठी. त्याने अट घातली की क्वार्टरबॅक म्हणून माझी चाचणी तरी घ्या. पहिले क्वार्टरबॅक जखमी झाले आणि याला उतरवलं. त्या सीझनला त्याने १४ टचडाउन पास दिले. नवख्या खेळाडूसाठी हा डेन्व्हरचा विक्रम होता. पुढच्या वर्षी? क्वार्टरबॅकच्या स्पर्धेत त्याचं नावच नव्हतं. तो बफेलोला गेला, रिसीव्हर झाला, आणि दोन वर्षांत ऑल-स्टार दर्जाचा रिसीव्हर झाला. १९७२चा मायामी डॉल्फिन्सचा अपराजित संघ, त्यात तो होता. पण क्वार्टरबॅक म्हणून त्याला परत कधी सुरुवात करू दिली नाही. ब्रिस्कोचा दुसरा सीझन कसा गेला असता? कुठल्याही टेबलात ही ओळ नाही.

आता वॉरन मून. हा माझा या भागातला मुख्य माणूस. जानेवारी १९७८, रोझ बोल, कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात जुनी मानाची मॅच. वॉशिंग्टन विद्यापीठाने मिशिगनला २७-२० हरवलं, सामनावीर मून. एनएफएलवाल्यांकडून कानावर काय येत होतं, तर जागा बदल. मूनने नकार दिला. ड्राफ्टची वाट न बघता त्याने कॅनडातल्या एडमंटनशी करार केला. ड्राफ्ट झाला, बारा फेऱ्या, तीनशेहून जास्त मुलं निवडली गेली, मून त्यात नाही.

कॅनडात मैदान मोठं, खेळाडू बारा, आणि प्रयत्न चारऐवजी तीनच. एडमंटनने १९७८ ते १९८२, सलग पाच वर्षं ग्रे कप जिंकला. १९८२ला मूनने सीझनमध्ये ५,००० यार्ड गाठले. १९८३ला ५,६४८. मग एनएफएलचे संघ पैसे घेऊन मागे लागले, आणि १९८४ला तो ह्यूस्टनला आला. तिथून १७ सीझन, ४९,३२५ यार्ड. २०००ला थांबला तेव्हा एनएफएलच्या यादीत तिसरा होता, पुढे फक्त मरिनो आणि एल्वे. २००६ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

आणि आता ही तारीख बघा. मोंटानाचा जन्म जून १९५६चा. मूनचा नोव्हेंबर १९५६चा. एकाच वयाची दोन मुलं. मून एनएफएलमधली पहिली मॅच खेळला तोपर्यंत मोंटानाकडे पाच सीझनचा अनुभव आणि एक सुपर बोल होता, दुसरा त्याच सीझनला आला. आपण दोघांचे एनएफएलचे आकडे शेजारी ठेवतो, तेव्हा एकाची २१ ते २७ ही वर्षं आपण शून्य धरतो. डेटावर काम करणाऱ्यांना माहीत असतं, ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाचे २१,२२८ यार्ड मिळवले तर बेरीज ७० हजारांच्या वर जाते, मरिनोच्या ६१,३६१ पेक्षा बरीच जास्त. अर्थात ही बेरीज सरळ करता येत नाही, तिकडचा खेळ वेगळा आहे. पण मग शून्य तरी सरळ कसं?

यावर माझा एक सहकारी म्हणतो, मून एकदाही सुपर बोलला पोचला नाही, जानेवारी १९९३ला बफेलोविरुद्ध ३५-३ने पुढे असताना ३८-४१ने हरला. खरंय. ती मॅच कोणी विसरलेलं नाही. (त्या ३५पैकी २८ गुण त्याच्या टचडाउन पासमुळे आले होते आणि बचाव त्याच्याकडे नव्हता, हे मी दरवेळी सांगतो, दरवेळी कोणी ऐकत नाही.)

डग विल्यम्सही १९७८चाच. त्याला पहिल्या फेरीत घेतलं, म्हणजे दार पूर्ण बंद होतं असं म्हणता येणार नाही. पण त्याला जे उत्तर द्यावं लागलं ते इतरांना द्यावं लागलं नाही. ३१ जानेवारी १९८८, सुपर बोल, डेन्व्हरविरुद्ध. पहिल्या क्वार्टरनंतर ०-१० पिछाडी, गुडघा दुखावलेला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एकट्या विल्यम्सचे चार टचडाउन पास, संघाचे ३५ गुण. शेवटी ४२-१०, ३४० यार्ड, एमव्हीपी. संघ कोणता? वॉशिंग्टन. तोच, मार्शलचा.

तर माझं मत. करिअर म्हणून बघायचं तर ब्रेडी पहिला, यावर मी वेळ घालवत नाही. एका मॅचसाठी एकच माणूस निवडायचा असेल तर मोंटाना. नियमांची मदत काढून घेतली तर युनायटस. आणि मूनला मी मरिनो आणि एल्वेच्या शेजारी बसवतो, एक पायरीही खाली नाही. बॉ आणि लकमनबद्दल मी क्रमांकच देत नाही. त्यांच्यासमोर कोण उभं राहिलं असतं हे कळायला मार्ग नाही, आणि हा त्यांचा गुन्हा नसला तरी प्रश्न त्यांच्या नावाला चिकटलेलाच राहणार. पॅट्रिक महोम्सचं अजून चालू आहे, तीन सुपर बोल झालेत, त्याला आत्ताच ब्रेडीच्या वर बसवणाऱ्यांनी जरा दम धरावा.

फेब्रुवारी २०२३ची फायनल मी पहाटे पाहिली होती. कॅन्सस सिटीकडून महोम्स, फिलाडेल्फियाकडून जेलन हर्ट्स. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला तो पहिला सुपर बोल. हर्ट्सने पळत तीन टचडाउन केले आणि तरीही हरला, ३८-३५. मार्लिन ब्रिस्को त्याच्या आठ महिने आधी, जून २०२२ला गेला होता.

तुमच्या यादीत पहिला कोण ते कळवा. पुढच्या भागात भेटू.